नाव शहराचे, स्मरण बंदिवानांचे

इतिहास लिहिणारे बहुधा रणांगणावरून दोनच प्रकारची माणसे उचलतात : जिंकलेली आणि मेलेली. जो जिंकला त्याचा पोवाडा होतो, जो पडला त्याची समाधी होते. परंतु युद्धात तिसरी एक जात असते. जो शत्रूच्या हाती सापडला, अथवा ज्याचे पुढे काय झाले हे कोणासच कळले नाही, त्याची गणना कोठे करावयाची ? त्याच्या घरी सुतक धरता येत नाही आणि तोरणही बांधता येत नाही. या तिसऱ्या जातीविषयी आज वाचकांशी चार शब्द बोलावे, असे आमच्या मनात आहे.

हे बोलण्यास औचित्यही आहे. मलिक अंबराने 1610 साली वसविलेल्या खडकीस औरंगजेबाने सुभेदार असताना आपले नाव दिले. त्याच शहरास 2023 साली छत्रपती संभाजीनगर हे नाव मिळाले. त्या नामांतराच्या वादात येथे शिरण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु एक गोष्ट फारशी कोणी बोलून दाखविलेली आमच्या ऐकिवात नाही. ज्यांचे नाव या शहरास मिळाले, ते संभाजीमहाराज शत्रूच्या कैदेत मरण पावलेले एक युद्धबंदी होते. 1689 च्या फेब्रुवारीत संगमेश्वरी मुकर्रबखानाने त्यांस पकडले आणि 11 मार्च रोजी त्यांचा वध झाला. महाराजांच्या मृत्यूची कथा सर्वांस पाठ आहे. त्यांच्यामागे त्यांच्या कुटुंबाने जी कैद भोगली, ती मात्र थोड्यांच्या ध्यानात असते.

महाराजांच्या पश्चात रायगडास मोगलांचा वेढा पडला. राजाराममहाराजांनी गडाबाहेर पडून राज्य राखावे आणि आपण लहानग्या शाहूसह गडावरच राहावे, हा सल्ला खुद्द येसूबाईंचा, असे बखरी सांगतात. राजाराम निसटले व जिंजीस पोहोचले. 1689 च्या अखेरीस रायगड पडला, आणि सात वर्षांचे शाहू, येसूबाई व इतर मंडळी बादशहाच्या छावणीत गेली. छावणी दक्षिणेत जेथे जेथे फिरली तेथे तेथे हे बंदिवानही फिरले. शाहूंस मनसब व राजा हा किताब मिळाला. बादशहाची कन्या झीनतउन्निसा हिने या मायलेकरांस ममतेने वागविले, हेही सांगणे न्यायाचे आहे. तथापि सोन्याचा झाला तरी पिंजरा तो पिंजराच. शाहूंनी धर्म बदलावा असा हट्ट बादशहाने धरला, तेव्हा प्रतापराव गुजरांचे पुत्र खंडेराव व जगजीवन यांनी त्यांच्याऐवजी स्वतः मुसलमान होऊन ते संकट आपल्या अंगावर घेतले. कैदेतल्या माणसासाठी कैदेतल्याच माणसाने केलेला याहून मोठा त्याग आमच्या इतिहासात विरळाच सापडेल.

1707 साली औरंगजेब अहमदनगराजवळ वारला आणि त्याचा देह खुलदाबादेस पुरण्यात आला. त्याच वर्षी मे महिन्यात, सुमारे साडेसतरा वर्षांच्या कैदेनंतर, आज्जमशहाने शाहूंस सोडले. पण येसूबाईंस व इतर माणसांस ओलीस ठेवून घेतले. पुत्र सुटला, माता अडकली. आणि सुटलेल्या पुत्राचे स्वागत कसे झाले ? ‘हा शाहू नव्हे, हा कोणी तोतया आहे’, असे ताराबाईंच्या पक्षाने जाहीर केले. खंडो बल्लाळ चिटणीसांसारख्या जाणत्या माणसास पाठवून ओळख पटवून घ्यावी लागली, आणि धनाजी जाधव मिळाल्यावरच खेडची लढाई शाहूंच्या बाजूने लागली. बंदिवानाचे दुर्दैव असे की, त्याला एक कैद शत्रूची असते आणि दुसरी स्वजनांच्या संशयाची. पहिलीचा दरवाजा उघडला तरी दुसरीचा उघडेलच असे नाही.

येसूबाईंची कैद याहीनंतर बारा वर्षे टिकली. त्यांची सुटका दयेने झाली नाही, मुत्सद्देगिरीने झाली. सय्यद हुसेनअलीशी शंकराजी मल्हाराच्या मध्यस्थीने जो तह 1718 साली ठरला, त्यात स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखी यांच्या सनदांबरोबर दिल्लीत अडकलेल्या राजकुटुंबाच्या मुक्ततेचे कलम घातलेले होते. बाळाजी विश्वनाथ फौज घेऊन दिल्लीस गेले. 1719 च्या फेब्रुवारीत तेथे दंगल उसळून शेकडो मराठे कापले गेले. संताजी भोसले पडले, नाना फडणिसांचे आजोबा बाळाजी महादेव भानू पडले. मार्चमध्ये सनदा हाती आल्या आणि जुलैमध्ये येसूबाई साताऱ्यास पोहोचल्या. सात वर्षांच्या ज्या मुलाचा हात धरून त्या रायगड उतरल्या होत्या, तो आता सदतीस वर्षांचा छत्रपती झाला होता. आमचे इतिहासकार या स्वारीचे फळ म्हणून सनदा मोजतात, आणि सनदांचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या सनदांनी मिळविलेले राज्य पुढे शंभर वर्षांत गेले. ‘आमची माणसे परत द्या’ हे त्या तहातले कलम मात्र आजही जुने झालेले नाही.

येथे एखादा चिकित्सक वाचक म्हणेल, ‘त्या राजमाता होत्या, म्हणून तहात त्यांचे नाव आले, शिलेदाराचे, बारगिराचे कोणी विचारले?’ आक्षेप रास्त आहे. पानिपतावर 14 जानेवारी 1761 रोजी जे हरवले त्यांपैकी सदाशिवरावभाऊंची वाट पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत पाहिली. त्या वाट पाहण्याच्या आधारावरच तोतयाचे बंड उभे राहिले आणि 1776 साली ते मोडावे लागले. परंतु भाऊंच्या मागे चाललेल्या हजारोंच्या घरी कोणी तोतयासुद्धा आला नाही. पहिल्या महायुद्धात 29 एप्रिल 1916 रोजी कुत-अल-अमारा येथे शरण गेलेल्या फौजेत 103, 110 व 117 या तीन मराठा पलटणी होत्या. त्यांतले कित्येक वाळवंटातील वाटचालीत व मजुरीच्या छावण्यांत मेले. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची बहुतांशी केवळ संख्या लिहिली गेली. ज्या माणसाच्या नावासाठी दगडावर जागा नाही, त्याचा शोध कोण घेणार ?

स्वराज्य आले, तरी हा प्रश्न संपला नाही. 1971 च्या युद्धात पाकिस्तानच्या हाती लागलेले आमचे नोंदलेले कैदी 1972 च्या डिसेंबरात परतले. रावळपिंडीच्या छावणीची भिंत पोखरून दोन सहकाऱ्यांसह निसटलेले व अफगाण सरहद्दीजवळ पुन्हा पकडले गेलेले दिलीप परुळकर हे त्यांतलेच. ज्यांची नोंद झाली नाही ते परतले नाहीत. बेपत्ता सैनिकांची सरकारी संख्या 54 आहे. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे त्यांपैकी एक. 5 डिसेंबर 1971 रोजी त्यांचे विमान शोरकोटवर पडले. पकडलेल्या वैमानिकांत त्यांच्या नावाशी जुळणारे नाव एका पाकिस्तानी वृत्तपत्राने छापले होते. विवाहास दोन वर्षेही झाली नव्हती. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, यांनी पुढील कित्येक दशके हाच एक प्रश्न घेऊन दारे ठोठावली. 2007 साली काही आप्तेष्टांस पाकिस्तानातील तुरुंग पाहू देण्यात आले. माणसे मिळाली नाहीत. आमच्याकडे असे कोणी नाहीत, हेच पाकिस्तानचे उत्तर राहिले आहे.

या सर्वांस शत्रूने दडवून ठेवले, असे आम्ही म्हणत नाही. काही त्याच दिवशी विमानासह जळाले असतील, काही पुढे वारले असतील. परंतु ‘असतील’ हा शब्द घरच्या माणसांस पुरेसा नाही. 1949 च्या जिनिव्हा कराराने लढणाऱ्या प्रत्येक राष्ट्रावर दोन कर्तव्ये घातली आहेत : युद्ध थांबताच कैदी विनाविलंब सोडावे, आणि हाती आलेल्या प्रत्येकाची खबर ठेवून ती कळवावी. दुसरे कर्तव्य पहिल्याइतकेच मोठे आहे, कारण ज्याची खबर नाही त्याची सुटका मागता येत नाही. शेजारी राष्ट्रातही अशाच माता व पत्नी असतील. त्यांनी विचारले तर आम्हीही दप्तरे उघडून दाखविली पाहिजेत.

आमची मागणी फार मोठी नाही. गावोगावच्या हरवलेल्या शिपायांची नावे पलटणींच्या कागदांतून काढून लिहिली जावीत. आणि दोन देशांत बोलणी होतील तेव्हा तेव्हा व्यापाराच्या व पाण्याच्या कलमांबरोबर हे कलमही पुढे ठेवले जावे, उत्तर तेच येणार असे ठाऊक असले तरीही. येसूबाईंच्या सुटकेस तीस वर्षे लागली. त्या तीस वर्षांत सातारकरांनी ‘आता काय उपयोग’ असे म्हटले असते, तर 1719 चा तो दिवस उगवला नसता. एका बंदिवानाचे नाव धारण करणाऱ्या शहराने तरी ही गोष्ट विसरू नये.