उसन्या नावांची नाव

मराठीत ‘ते नाव’ आणि ‘ती नाव’ यांत लिंगाचाच काय तो भेद आहे, आणि ज्या युद्धनौकेची कैफियत येथे मांडावयाची आहे तिचा सारा इतिहास या दोन नावांच्या गुंतागुंतीचाच इतिहास आहे. चौतीस वर्षांच्या आयुष्यात या नावेला जी नावे मिळाली ती सगळी दुसऱ्यांची होती. आणि ज्या एका रात्रीमुळे ती आरमारी इतिहासाच्या दफ्तरात कायमची दाखल झाली, त्या रात्री तर ती आपले नाव गुंडाळून ठेवून भलत्याच एका नौकेच्या नावाने समुद्रावर वावरत होती.

तिचा सांगाडा एप्रिल १९४१ मध्ये स्कॉटलंडातील क्लाइडबँक येथील जॉन ब्राऊन यांच्या प्रख्यात गोदीत उभा राहू लागला. ‘क्वीन मेरी’सारखी राजेशाही प्रवासी जहाजे घडविणारी ही गोदी त्या वेळी कोणत्या अवस्थेत होती हे ध्यानी घेतल्यावाचून त्या मुहूर्ताचे गांभीर्य कळावयाचे नाही. अवघ्या चार आठवड्यांपूर्वी, मार्चच्या १३ आणि १४ तारखांच्या रात्री, जर्मन विमानांनी त्या गावावर असा अग्निवर्षाव केला होता, की सुमारे बारा हजार घरांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच घरे अखंड राहिली. अशा उद्ध्वस्त गावातील कारागिरांनी घडविलेली ही विनाशिका २१ मार्च १९४२ रोजी पाण्यात उतरली, तेव्हा सिंगापूर जपानच्या हाती पडून पुरते पाच आठवडेही झाले नव्हते. हा योगायोग पुढे उपयोगी पडणार आहे.

त्याच वर्षीच्या ऑगस्टात ती ब्रिटिश आरमारात रुजू झाली ती ‘रॉदरहॅम’ या नावाने. ट्रॅफल्गारच्या लढाईत कॉलिंगवुडच्या ‘रॉयल सॉव्हरिन’ या नौकेचा जो कप्तान होता, त्याचे हे नाव. यॉर्कशरमधील एका पोलादी कारखान्यांच्या गावाचेही तेच. म्हणजे पहिलेच नाव उसने, आणि तेही दुहेरी.

‘विनाशिका’ हा शब्द आपल्याकडे आता रुळला असला, तरी त्यामागची मूळ कल्पना बहुधा विसरली गेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठमोठ्या युद्धनौकांना सर्वांत मोठी धास्ती वाटे ती पाणतीर सोडणाऱ्या छोट्या, चपळ होड्यांची. त्या होड्यांचा विनाश करण्यासाठी ज्या किंचित मोठ्या पण तितक्याच वेगवान नौका बांधण्यात आल्या, त्या विनाशिका. पुढे शत्रू बदलला, पृष्ठभागावरच्या होडीची जागा पाण्याखालच्या पाणबुडीने घेतली, आणि विनाशिकेच्या पाठीवर पाणतिरांबरोबर डेप्थ चार्जचे गोल पिंपही आले. पिंप समुद्रात लोटावे, ठरविलेल्या खोलीवर पाण्याच्या दाबानेच त्याची कळ दबावी, आणि स्फोटाचा हादरा पाण्यातून पाणबुडीच्या कवचावर आदळावा, अशी ही योजना. पाणी दाबले जात नाही, म्हणूनच हा हादरा हवेतल्या स्फोटापेक्षा कितीतरी निर्दय असतो. ‘रॉदरहॅम’ सतराशे टनांच्या आसपास वजनाची होती, ४.७ इंची चार तोफा आणि पाणतिरांच्या आठ नळ्या तिच्यावर होत्या, आणि छत्तीस नॉटच्या वेगाने धावण्याइतके बळ तिच्या यंत्रांत होते. तिच्या वर्गाच्या नौकांत एक सुधारणा अशी, की पिढ्यान्‌पिढ्या नौकेच्या पिछाडीस असलेली अधिकाऱ्यांची निवासस्थाने मध्यभागी आणली गेली. वादळात लाटा डेकवरून वाहत असता पिछाडीच्या खोलीतून सुकाणूच्या मंचापर्यंत पोचण्यात जीवाला जो धोका असे, तो त्यामुळे टळला. अशा साध्यासुध्या फेरफारांतून दर्यावर्दी लोकांचे शहाणपण दिसते. तोफांच्या व्यासातून ते दिसत नाही.

युद्धातील तिची कामगिरी मुख्यतः हिंदी महासागरातली. पूर्वेचे ब्रिटिश आरमार जपानी दणक्यानंतर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर किलिंदिनीपर्यंत हटले होते. १९४४ च्या आरंभी ते पुन्हा सिलोनात त्रिंकोमालीला आले. पिनांगहून निघणाऱ्या जर्मन व जपानी पाणबुड्या त्या काळी या महासागरात मनमुराद शिकार करीत. त्यांना तेलाची रसद पुरविणारी ‘शार्लोट श्लीमान’ आणि ‘ब्राके’ ही दोन जहाजे १९४४ च्या फेब्रुवारी-मार्चात अनुक्रमे ‘रिलेंटलेस’ आणि ‘रोबक’ यांनी बुडविली. या दोघी ‘रॉदरहॅम’च्याच वर्गातल्या भगिनी. एप्रिलच्या १९ तारखेस ब्रिटिश ‘इलस्ट्रियस’ आणि अमेरिकन ‘साराटोगा’ या विमानवाहू नौकांच्या विमानांनी सुमात्रातील साबांगवर हल्ला चढविला, तेव्हा त्या मोठ्या ताफ्याच्या पहाऱ्यावर असलेल्या विनाशिकांत ‘रॉदरहॅम’ होती. विमानवाहू नौकेची पाठराखण करणे हे तिच्या नशिबी तेव्हापासूनच लिहिले होते असे म्हणावे लागते.

सप्टेंबर १९४५ मध्ये ती सिंगापूरला पोचली. साडेतीन वर्षांपूर्वी ज्या नाविक तळाच्या पतनाने ब्रिटिश साम्राज्याची आशियातील इभ्रत धुळीस मिळाली होती, त्या तळाची जपान्यांकडून शरणागती स्वीकारण्याचे काम या नौकेच्या कप्तानाकडे आले, आणि तळाच्या एका प्रवेशद्वाराला ‘रॉदरहॅम गेट’ असे नाव मिळाले. आतापर्यंत नावे घेणाऱ्या या नावेने कोणाला नाव दिले असेल तर ते एवढेच.

१९४९ साली स्वतंत्र हिंदुस्थानच्या आरमाराने ब्रिटनकडून तीन विनाशिका विकत घेतल्या. ‘रॉदरहॅम’ची ‘राजपूत’ झाली, ‘रेडाउट’ची ‘रणजित’ आणि ‘रेडर’ची ‘राणा’. ‘र’ या आद्याक्षराशी इमान राखून केलेले हे नामांतर मोठे मार्मिक आहे: ज्याने ते सुचविले त्याला जुन्या मालकाची नोंदवही पुरती मिटवावयाची नव्हती, पण पान मात्र आपल्या भाषेत उलटावयाचे होते. पुढच्या वीस-बावीस वर्षांच्या बहुतेक काळाबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. शांततेच्या काळातली युद्धनौका ही कवायती, रंगकाम आणि दुरुस्त्या यांतच म्हातारी होते.

अपवाद एक. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त करण्यासाठी फौजा निघाल्या, तेव्हा किनाऱ्यापासून दूर समुद्रात नवीकोरी विमानवाहू ‘विक्रांत’ उभी करण्यात आली होती, आणि तिच्याभोवतीच्या पहाऱ्यात ‘राजपूत’ होती, ‘खुकरी’ही होती. अंजदीव बेटावर उतरताना आपले सात नाविक पडले, मुरगावच्या बंदरात ‘आफोन्सो द आल्बुकर्क’ ही पोर्तुगीज नौका निकामी झाली, परंतु ‘राजपूत’च्या वाट्यास लढाई आली नाही; ती ‘विक्रांत’ची सोबत करीत राहिली. दहा वर्षांनी तिला ‘विक्रांत’चे सोंगच घ्यावे लागेल, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

१९७१ च्या हिवाळ्यात ‘विक्रांत’ पूर्व किनाऱ्यावर होती, पण धडधाकट नव्हती. तिच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेल्याने तिचा वेग उणावला होता. पाकिस्तानपाशी या किनाऱ्यापर्यंत पोचून तिचा माग काढू शकेल अशी एकच पाणबुडी होती: ‘गाझी’. हीदेखील उसन्या नावाची! मूळची ती अमेरिकेची ‘डिआब्लो’, १९४४ साली पाण्यात उतरलेली, १९६४ मध्ये पाकिस्तानने भाड्याने घेतलेली. ती १४ नोव्हेंबरला कराचीहून निघाली. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी ‘विक्रांत’ला अंदमानातील एका आडवळणी नांगरवाड्यात दडविले, आणि ती विशाखापट्टणमच्या आसपास असल्याचा आभास निर्माण करण्याचे काम निवृत्तीस टेकलेल्या ‘राजपूत’वर सोपविले. ‘राजपूत’ किनाऱ्यापासून दूर जाऊन एखाद्या प्रचंड नौकेला शोभेल इतके बिनतारी संदेश धाडू लागली. विशाखापट्टणमच्या ठेकेदारांकडे मांस आणि भाजीपाल्याच्या एवढ्या मोठ्या मागण्या नोंदविण्यात आल्या, की बंदरात कोण येणार याचा अंदाज कुणीही बांधावा. आणि कळस म्हणजे, ‘विक्रांत’वरील कोणा नाविकाने आपल्या अत्यवस्थ आईची विचारपूस केल्याचा, गुप्ततेचे नियम मोडणारा एक उघडा संदेशही मुद्दाम सोडण्यात आला. कपटनाट्य रचावे तर असे! शत्रूच्या कानाला गुप्त वाटेल अशी खबर, आणि तीत आईची काळजी. शिवकालीन हेरांनीही या कल्पनेला दाद दिली असती.

३ डिसेंबरच्या संध्याकाळी युद्ध पेटले. ‘राजपूत’चे कप्तान लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांना रात्री बंदर सोडण्याचा हुकूम झाला, बंदराचे दिशादर्शक दिवे मालविण्यात आले, आणि मध्यरात्रीच्या सुमारास, वाटाड्याला उतरवून, नौका अरुंद खाडीमार्गातून बाहेर पडू लागली. पाणबुडी दबा धरून बसलीच असेल तर ती याच तोंडाशी, हा विचार इंदर सिंगांच्या मनात आला, आणि त्यांनी वेग वाढविला. थोड्याच वेळात टेहळ्याने पुढे पाण्यात खळबळ दिसल्याची वर्दी दिली. तिच्या रोखाने जाऊन दोन डेप्थ चार्ज टाकण्यात आले. नंतर असा प्रचंड स्फोट झाला, की नौका तर हादरलीच, पण विशाखापट्टणम शहरातल्या घरांची तावदानेही खडखडली. इंदर सिंगांनी आसपास शोध घेतला, काही दिसले नाही, आणि ते ठरलेल्या वाटेने पूर्व बंगालच्या किनाऱ्याकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कोळ्यांना पाण्यावर तेलाचा तवंग आणि तरंगणारे अवशेष सापडले. ‘निस्तार’ या नौकेवरच्या पाणबुड्यांनी तळ गाठून खात्री केली: बंदराच्या तोंडापासून थोड्याच अंतरावर ‘गाझी’ पडली होती, आणि तिच्यातले नव्वदांहून अधिक लोक तिच्यासह गेले होते. ९ डिसेंबरला ही वार्ता जाहीर झाली. त्याच दिवशी, पश्चिमेकडे, गोव्याच्या वेळी ‘राजपूत’सोबत पहाऱ्यावर असलेली ‘खुकरी’ एका पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतिरांनी बुडाली, आणि १९४ अधिकारी व नाविक तिच्याबरोबर गेले.

‘गाझी’ला कोणी बुडविले, यावर वाद आहे. आपल्या आरमाराचे म्हणणे ‘राजपूत’च्या डेप्थ चार्जने, पाकिस्तानचे म्हणणे असे, की ती आपल्याच पेरलेल्या सुरुंगावर गेली किंवा तिच्या पोटातल्या दारूगोळ्याचा अपघाती स्फोट झाला. तिच्या पुढच्या भागाचे पत्रे आतून बाहेर फाकलेले आढळल्यामुळे आतील स्फोटाच्या बाजूने बोलणारे आपल्याकडेही कमी नाहीत. मला हा वाद काहीसा चुकीच्या जागी मांडला गेला आहे असे वाटते. पिंप लागले की सुरुंग फुटला, याचा निवाडा पाणी आता करणार नाही. पण विमानवाहू नौका अंदमानात असता तिच्या शिकाऱ्याने विशाखापट्टणमच्या तोंडाशी ठाण मांडून बसावे, यात उसन्या नावाचा हिस्सा नाकारता येत नाही. ‘राजपूत’ने ‘गाझी’ला स्फोटकाने मारले की नाही हे तज्ज्ञांनी ठरवावे, नावाने तिने तिला थोपवून धरले.

‘विक्रांत’चे आयुष्य दीर्घ ठरले. निवृत्तीनंतर ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, शाळांची पोरे रांगा लावून तिच्या डेकवर चढली, आणि २०१४ मध्ये दारूखान्यात तिची मोड झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळ व्यक्त केली. ‘राजपूत’ १९७६ साली भंगारात गेली. तिच्यासाठी कोणी रांग लावली नाही.

तिचे नाव मात्र पुढे चालले. १९८० मध्ये सोव्हिएत रशियाकडून घेतलेल्या नव्या विनाशिकेला, जिचे रशियन नाव ‘नादेझ्नी’ म्हणजे ‘भरवशाची’ असे होते, ते देण्यात आले. या दुसऱ्या ‘राजपूत’चा ध्वज २१ मे २०२१ रोजी शेवटचा उतरविण्यात आला तो विशाखापट्टणमच्या गोदीत, जेथून बंदराबाहेर पडले की काही मैलांच्या आतच समुद्राच्या तळाशी ‘गाझी’ अजून पडलेली आहे.