कोयता : एका शब्दाचा इतिहास

'आउटसोर्सिंग' हा शब्द मराठीत रुळण्यापूर्वीच ती रीत बीड जिल्ह्याच्या अंगवळणी पडली होती. साखर कारखान्यांनी ऊसतोडणी मुकादमांवर सोपवली. १९७२च्या दुष्काळानंतर बालाघाटातली अधिकाधिक जोडपी उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जाऊ लागली. हिशेबात नवरा-बायको मिळून 'एक कोयता', एकटा माणूस 'अर्धा कोयता'. उचल बहुधा नवऱ्याच्या नावे. बीडमध्ये तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढल्याचे २०१९ मध्ये विधिमंडळात सांगितले गेले. त्यांतल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचा मालक कोण? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम उचलीकडे. काम बाहेर सोपवताना जबाबदारीही बाहेर जाते, असे आम्हांस वाटते. आणि भाषा माणसाच्या जागी अवजार लिहून त्यावर शिक्कामोर्तब करते.