शिट्टी झाल्यावर गॅस बारीक का करायचा?

आमच्याकडे कुकर आई लावते, शिट्ट्या मोजायचं काम माझं. मी ऑफिसच्या कॉलवर असलो की मोजणं राहतं आणि गॅस मोठाच राहतो. गेल्या महिन्यात १४.२ किलोचा सिलिंडर लवकर संपला, तेव्हा आईने माझ्याकडेच बघितलं!

कुकर कसा चालतो?
उघड्या पातेल्यात पाणी साधारण १०० अंश सेल्सिअसला उकळतं. गॅस कितीही वाढवा, तापमान तिथेच राहतं, फक्त वाफ जास्त होते. कुकरमध्ये वाफ कोंडते, दाब वाढतो आणि तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. म्हणून डाळ पटकन शिजते. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडणं. दाब तयार झाल्यावरही आच मोठी ठेवली, तर तो गॅस वायाच.

आता आम्ही काय करतो?
• डाळ अर्धा तास आधी भिजवतो.
• डाळ, भात, बटाटे एकाच कुकरमध्ये, वेगवेगळ्या डब्यांत.
• पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक आणि मोबाईलवर १० मिनिटांचा टायमर.
• गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू देतो. तोवर आत शिजणं चालूच असतं.

हे सगळं आईला समजावलं, तर म्हणाली, "अरे, गॅस बारीक कर म्हणून मी रोज वेगळं काय सांगते?"