कोणत्या इयत्तेला कोणते पुस्तक? : उर्दू बालवाचनाची दीडशे वर्षे

दोन वर्षांपूर्वी शाळेत माझ्यावर एक काम सोपवण्यात आले. ग्रंथालयाच्या कपाटात जी पुस्तके आहेत आणि जी नव्याने घ्यायची आहेत, त्यांची पहिली ते दहावी अशी इयत्तावार यादी करायची. बी.एड. करताना वाचनाच्या पायऱ्या आम्ही पाठच केल्या होत्या. त्यामुळे दोन संध्याकाळी बसून मी यादी पूर्ण केली. पण लिहिताना एक गोष्ट लक्षात आली. कोणते पुस्तक द्यावे यापेक्षा कोणते देऊ नये, याच विचारात माझा जास्त वेळ गेला होता. ‘अलिफ लैला’वर मी काट मारली. मुलींच्या हाती नको, असे मनाशी म्हटले.

सहावीतल्या एका मुलीने ती यादी माझ्या टेबलावर पाहिली. म्हणाली, “आपा, हे तर मी वाचलंय. मामूंकडे मराठीत आहे. यात खराब काय आहे?”

मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाने मला मागे, आपल्याच इतिहासाकडे नेले. मुलांनी काय वाचावे याच्या याद्या आपल्याकडे कोणी केल्या, कशासाठी केल्या आणि त्यांचे पुढे काय झाले, हे मी शोधू लागले. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवते.

जुन्या मकतबात इयत्ता नव्हत्या, पण क्रम मात्र होता. मूल आधी कायदा शिके, मग कुराणपठण. त्यानंतर फारसी सुरू होई. ‘आमदनामा’तून क्रियापदांची रूपे, ‘खालिकबारी’तून शब्द, ‘करीमा’तून नीतिपर पद्य आणि शेवटी शेख सादींची ‘गुलिस्ताँ’ व ‘बोस्ताँ’. शेकडो वर्षे हिंदुस्थानात मुसलमानांची मुले याच वाटेने गेली आणि कायस्थ मुलेही गेली. ही वाट पक्की होती, पण त्यात मुलाचा विचार नव्हता. सात वर्षांच्या मुलाच्या घरात जी भाषा बोलली जाई ती त्याच्या पुस्तकात नसे. अर्थ कळण्याआधी पाठांतर होई. ज्याला पुढे कळले तो विद्वान झाला. ज्याला कळले नाही त्याची दखल कोणी घेतली नाही.

१८५७ नंतर हे बदलले. दिल्ली उद्ध्वस्त झाली, फारसीचा दरबार संपला आणि सरकारी शिक्षणखाते उभे राहिले. या खात्यात नोकरी करणाऱ्या काही मौलवींनी पहिल्यांदा मुलाकडे मूल म्हणून पाहिले. त्यांतले पहिले मोठे नाव डेप्युटी नजीर अहमद यांचे.

नजीर अहमद दिल्ली कॉलेजचे विद्यार्थी. शाळांचे डेप्युटी इन्स्पेक्टर झाले, पुढे डेप्युटी कलेक्टर. स्वतःच्या मुलांना वाचायला द्यावे असे पुस्तक त्यांना उर्दूत सापडेना. मग त्यांनी ते लिहायला घेतले. मोठ्या मुलीसाठी ‘मिरात-उल-उरूस’, धाकटीसाठी ‘मुंतखब-उल-हिकायात’ आणि मुलगा बशीर याच्यासाठी ‘चंद पंद’. सगळे एकदम लिहिले नाही. थोडे लिहायचे, मुलांनी ते संपवायचे आणि पुढचे मागायचे, अशा रीतीने ही पुस्तके वाढली. तीन मुलांच्या वयाला तीन पुस्तके, ही माझ्या मते उर्दूतली पहिली इयत्तावार यादी. ती एका घरात तयार झाली.

ती घराबाहेर कशी पडली याचीही हकिकत सांगितली जाते. शिक्षणखात्याचे संचालक केंपसन दौऱ्यावर असताना त्यांना लहानगा बशीर भेटला. काय वाचतोस, असे त्यांनी विचारले. त्याने वडिलांनी लिहिलेल्या पुस्तकाचे नाव सांगितले आणि बहिणींच्या पुस्तकांचीही खबर दिली. पुढे ‘मिरात-उल-उरूस’ सरकारदरबारी गेली. वायव्य प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर विल्यम म्यूर यांनी १८६८ साली चांगल्या देशी पुस्तकांना इनाम जाहीर केले होते. त्यातून या पुस्तकाला एक हजार रुपये मिळाले आणि सरकारने दोन हजार प्रती विकत घेतल्या. पुस्तक १८६९ सालचे. अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची ही गोष्ट आहे. अकबरी लाडावलेली आणि बेफिकीर. असगरी शिकलेली. ती सासरचा कारभार सावरते, हिशेब ठेवते आणि मोहल्ल्यातल्या मुलींना शिकवते. उर्दू कथेत मुलींना शिकवणारी बाई पहिल्यांदा अशी ठसठशीत दिसली. आज शाळेत उभी राहणारी माझ्यासारखी प्रत्येक शिक्षिका असगरीचे थोडे देणे लागते.

पण याच नजीर अहमदांची दुसरी बाजू आहे. १८७४ च्या सुमारास त्यांची ‘तौबत-उन-नसूह’ आली. पटकीतून वाचलेला नसूह घर सुधारायला निघतो. मोठा मुलगा कलीम शायरीचा शौकीन आणि बापाचे न ऐकणारा. नसूह त्याच्या खोलीत जातो आणि त्याची पुस्तके जाळून टाकतो. ‘फसाना-ए-अजायब’, ‘गुल बकावली’, ‘बहार-ए-दानिश’ अशी नामांकित पुस्तके आगीत पडतात. पुस्तके जळतात, पण कलीम सुधारत नाही. तो घर सोडून जातो आणि त्याची अखेर दुःखद होते. मुलांसाठी प्रेमाने पुस्तके लिहिणारा हाच लेखक मुलाची पुस्तके जाळणाऱ्या बापाला नायक करतो, हे वाचून मला माझी काट आठवली.

पुढची गोष्ट आणखी विचार करायला लावणारी आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मौलाना अशरफ अली थानवी यांचे ‘बहिश्ती जेवर’ प्रसिद्ध झाले. मुलींना घरी दीन आणि व्यवहार शिकवणारे हे पुस्तक आपल्याकडेही लग्नात मुलीला देण्याची रीत आहे. मुलीला लिहिता-वाचता आलेच पाहिजे असा त्याचा आग्रह, आणि त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. त्यात शेवटी उपयुक्त पुस्तकांची यादी आहे आणि नुकसानकारक पुस्तकांचीही. दुसऱ्या यादीत ‘गुल बकावली’ आहे, ‘अलिफ लैला’ आहे, आणि ‘मिरात-उल-उरूस’ही आहे. काही ठिकाणी शहाणपण असले तरी काही ठिकाणी ईमान कमजोर करणारा मजकूर आहे, असा त्यावर आक्षेप. कलीमची पुस्तके जाळणाऱ्या लेखकाचे पुस्तक तीस-चाळीस वर्षांत स्वतःच नको असलेल्यांच्या यादीत गेले. एवढ्यावरही थांबले नाही. नजीर अहमदांच्या ‘उम्महात-उल-उम्मा’ या १९०८ सालच्या पुस्तकावरून वादळ उठले आणि दिल्लीत त्याच्या प्रती जाळल्या गेल्या. १९१२ साली ते वारले.

यात कोणाला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. दोघांनाही मुलींचे भले हवे होते. पण एका पिढीने ज्याला सन्मार्ग म्हटले त्याला पुढच्या पिढीने धोका म्हटले. आज ‘मिरात-उल-उरूस’ विद्यापीठांत अभ्यासाला असते आणि ‘बहिश्ती जेवर’ घराघरात. नको म्हटलेली ‘अलिफ लैला’ही कुठे गेली नाही. आपल्या मराठीत तर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ पासून तिचे भाषांतर सुरू केले आणि त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी ते पूर्ण केले. आमच्या सहावीतल्या मुलीने मामूंकडे वाचली ती याच परंपरेतली अरबी सुरस गोष्टी. उर्दूच्या कपाटाला मी कुलूप लावले, तर ती मराठीच्या दाराने आत गेली.

आता ज्यांच्या याद्या टिकल्या त्यांच्याकडे वळू. मौलवी मुहम्मद हुसेन आझाद यांच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांनी ठार केले. आझाद भटकत लाहोरला पोहोचले आणि तिथल्या शिक्षणखात्यात लागले. पंजाबच्या शाळांसाठी त्यांनी उर्दू वाचनपुस्तके केली. मोठ्या मुलांसाठी ‘कसस-ए-हिंद’मध्ये इतिहासाच्या गोष्टी लिहिल्या. आपल्या मुंबई इलाख्यात मेजर कँडी यांची मराठी क्रमिक पुस्तके याच सुमाराची. तिकडे उर्दूला आणि इकडे मराठीला एकाच काळात पायऱ्या बांधल्या जात होत्या.

या पायऱ्या सर्वांत नीट बसवल्या त्या मौलवी इस्माईल मेरठी यांनी. जन्म १८४४, मृत्यू १९१७. आयुष्यभर शिक्षक, आग्र्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये फारसी शिकवून १८९९ साली निवृत्त. त्यांनी कायदा आणि त्यानंतर उर्दूची पहिली ते पाचवी अशी पुस्तके केली. त्यांचे शिक्षकपण पानापानांवर दिसते. आधी दोन-तीन अक्षरांचे शब्द, मग लहान वाक्ये. विषय मुलाच्या डोळ्यांसमोरचे : गाय, पाऊस, पाणचक्की, मुंगी. फारसी समास जवळजवळ नाहीत. उपदेश आहे, पण गोष्टीच्या मागून येतो. मी वर्गात त्यांची गायीवरची कविता शिकवते, तेव्हा कोकणी बोलणारी मुलेही दुसऱ्या दिवशी ती म्हणू लागतात. सव्वाशे वर्षे झाली, तरी ही पुस्तके अजून छापली जातात आणि अनेक मकतबांत चालतात.

इकबाल यांनीही १९२४ च्या ‘बांग-ए-दरा’त काही कवितांवर ‘मुलांसाठी’ असे स्पष्ट लिहिले. डोंगर आणि खार, कोळी आणि माशी, गाय आणि बकरी. यांतल्या काही इंग्रजी कवितांवरून घेतल्या आहेत, हेही त्यांनी लपवले नाही. मुलासाठी चांगली गोष्ट कुठूनही घ्यावी, ती आपल्या भाषेत आपली होते.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण डॉ. झाकिर हुसेन यांचे. १९२० साली अलीगढला स्थापन झालेली जामिया मिल्लिया १९२५ मध्ये दिल्लीला आली. पगाराला पैसे नसत, पण ‘मकतबा जामिया’ मुलांची पुस्तके काढी आणि ‘पयाम-ए-तालीम’ हे मुलांचे नियतकालिक चाले. पुढे राष्ट्रपती झालेल्या या माणसाने तेव्हा मुलांसाठी गोष्टी लिहिल्या, आणि त्या आपल्या मुलीच्या, रुकय्या रेहाना हिच्या नावाने छापल्या. ‘अब्बू खाँ की बकरी’ ही त्यांतली प्रसिद्ध गोष्ट मूळ फ्रेंच लेखक दोदे यांची. झाकिरसाहेबांनी ती अल्मोड्याच्या डोंगरात आणली. चाँदनी नावाची बकरी दावे तोडून डोंगरावर जाते, रात्रभर लांडग्याशी झुंजते आणि पहाटे मरते. झाडावरची पाखरे म्हणतात लांडगा जिंकला, एक म्हातारे पाखरू म्हणते चाँदनी जिंकली.

ही गोष्ट मी तिसरीत सांगितली आहे आणि नववीतही. तिसरीची मुले रडतात. नववीतल्या मुली गप्प होतात, मग एखादी विचारते, “आपा, ती घरीच राहिली असती तर?” मग हे पुस्तक कोणत्या इयत्तेचे? यादीत मी ते कुठे लिहू?

वाचक हो, आज आमच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. पुस्तके नाहीत असे नाही. २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेली ‘बालभारती’ उर्दूतही पाठ्यपुस्तके काढते. तिचे मराठी ‘किशोर’ मासिक १९७१ पासून चालू आहे आणि उर्दू शाळेतले मूल मराठी शिकतेच, म्हणजे तेही त्याचेच आहे. दिल्लीच्या उर्दू परिषदेने २०१३ साली ‘बच्चों की दुनिया’ सुरू केले. पण पाचवीतले मूल पाचवीचे वाचू शकेलच असे नाही. काहींचे वाचन दुसरीतच अडलेले असते. काही मुली सातवीत असून दहावीच्या बहिणीची पुस्तके संपवतात. आणि मराठी शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांना उर्दू लिपीच येत नाही. त्यांच्यासाठी मेरठी, झाकिर हुसेन मराठीत कोण आणणार? हे काम या पानांवर लिहिणाऱ्यांचे आणि वाचणाऱ्यांचे आहे.

नजीर अहमदांनी बशीरसाठी लिहिले, मेरठींनी समोर बसलेल्या वर्गासाठी, झाकिरसाहेबांनी मुलीच्या नावाने. समोर ओळखीचे मूल ठेवून जे केले ते टिकले. मुलाची भीती बाळगून जे केले ते पुढच्या पिढीने बाजूला ठेवले. काहीच निवडू नये असे मी म्हणत नाही. शिक्षकाने निवडलेच पाहिजे. पण निवडणे म्हणजे हाती देणे. हिसकावून घेणे हे वेगळे काम आहे आणि ते आपल्याला जमत नाही, हा दीडशे वर्षांचा अनुभव आहे.

मी यादी पुन्हा लिहिली. इयत्तांचे रकाने ठेवले, पण वर एक ओळ घातली : आवडल्यास कोणीही कोणत्याही रकान्यातले घ्यावे, अडल्यास आपांना विचारावे. ‘अलिफ लैला’ची मुलांसाठीची आवृत्ती सहावीत लिहिली. कपाटाची किल्ली आता त्या मुलीकडे असते. ती आठवीत आहे. मागच्या आठवड्यात तिने मलाच विचारले, “आपा, तुम्ही आता काय वाचताय?”