ईजीआर की टर्बो? डिझेल कारचा बिघाड मोबाईलवर असा ओळखा

पिकअप गेलं, काळा धूर येतोय, चेक इंजिनचा दिवा लागलाय. अशा वेळी बरेच जण सरळ म्हणतात, "टर्बो गेला!" मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, गाव जळकोट. आमच्याकडे मोठं काम निघालं की उदगीर, लातूर नाहीतर नांदेड गाठावं लागतं. म्हणून खर्चात पडण्याआधी घरीच तपासलेलं बरं.

दोघांचं काम काय?
ईजीआर व्हॉल्व्ह थोडा एक्झॉस्ट गॅस परत इंजिनात सोडतो. त्यामुळे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. टर्बो त्याच एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबतो. म्हणजे काजळीने ईजीआर उघडा अडकला, तर टर्बोला गॅस कमी पडतो आणि चांगला टर्बोही 'खराब' दिसतो.

काय लागेल?
ईएलएम३२७ प्रकारचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर आणि एखादं ओबीडी ॲप. आयफोन असेल तर स्कॅनर त्याला चालतो का, ते आधी बघा. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत पोर्ट स्टिअरिंगखाली सापडतो.

तपासणी
१. कोड वाचा, स्क्रीनशॉट घ्या. लगेच पुसू नका. पी०४०१ म्हणजे ईजीआरचा प्रवाह कमी, पी०४०२ म्हणजे जास्त, पी०२९९ म्हणजे बूस्ट कमी.
२. चावी ऑन, इंजिन बंद. आता मॅप सेन्सरचा आकडा बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा, म्हणजे १०० किलोपास्कलच्या आसपास हवा. बराच वेगळा असेल तर आधी सेन्सरवर संशय घ्या.
३. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये जोर द्या. मॅपचा आकडा ठळकपणे वर चढला पाहिजे. मोबाईल शेजारच्याच्या हातात द्या, स्वतः बघू नका.
४. आकडा चढत नसेल तर इंजिन थंड करून इंटरकूलरचे पाइप, क्लिपा आणि व्हॅक्युमची बारीक नळी बघा. जोर दिल्यावर फुस्स आवाज आणि पाइपवर तेलाचे ओले डाग, म्हणजे तिथून गळती असू शकते.
५. पाइप ठीक असतील तर ईजीआर काढून काजळी बघायला सांगा.

निळा धूर, इंजिन ऑइल कमी होणं किंवा टर्बोचा शाफ्ट आत-बाहेर हलणं दिसलं, तर मात्र टर्बोवरच संशय घ्या आणि गाडी चालवू नका.

"ईजीआर बंदच करून टाकू" हा सल्ला ऐकू नका. प्रदूषण वाढतं आणि अनेक गाड्यांत दिवा पुन्हा लागतो.

कोड लक्षण सांगतो, खराब पार्ट नाही. गॅरेजमध्ये जाताना स्क्रीनशॉट दाखवा आणि विचारा, "पाइप आणि ईजीआर बघितलं का?"