पंखांची जागा : दक्षिण महाराष्ट्रातून पाहिलेला विमानरचनेचा इतिहास

विमानाच्या पंखांची स्थिती हा विषय शालेय प्रकल्पात येतो तेव्हा तो बहुधा तीन आकृत्यांमध्ये उरकला जातो. पहिल्या आकृतीत पंख विमानाच्या धडाच्या माथ्यावर, दुसऱ्या आकृतीत मध्यावर आणि तिसऱ्या आकृतीत पोटाशी दाखवलेला असतो, आणि त्यांखाली प्रत्येकी दोन फायदे व दोन तोटे लिहिले की वहीचे पान भरते. या मांडणीत चूक अशी काही नसते; परंतु तिन्ही रचना एकाच वेळी, एकाच गरजेतून आणि एकाच प्रकारच्या साहित्यातून जन्मल्या असा समज मात्र तिच्यामुळे रुजतो. प्रत्यक्षात पंखाची जागा दरवेळी त्या काळी उपलब्ध असलेले साहित्य, उतरण्याची जमीन आणि विमानाकडून अपेक्षित असलेले काम या तीन गोष्टींनी ठरवली आहे, आणि हा इतिहास समजून घेण्यासाठी सांगली, सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांच्या बाहेर फारसे जावे लागत नाही.

वाळवा तालुक्याचे मुख्यालय असलेल्या ईश्वरपूरहून, म्हणजे पूर्वीच्या इस्लामपूरहून, पेठ नाक्यावर आले की महामार्ग उत्तरेला कराडकडे आणि दक्षिणेला कोल्हापूरकडे जातो. कराडजवळची धावपट्टी कोयना प्रकल्पाच्या काळात तयार झाली, तर कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाचे मूळ संस्थानी काळापर्यंत जाते. आष्टामार्गे सांगलीला गेल्यास विश्रामबागेत १९४७ साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय लागते, आणि ज्या वालचंद हिराचंद यांचे नाव त्या महाविद्यालयाला पुढे देण्यात आले, त्यांनीच भारतातील पहिला विमान कारखाना उभा केला होता.

आरंभीच्या विमानांपुढे पंखाच्या जागेपेक्षा पंखाच्या बळकटीचा प्रश्न मोठा होता. लाकडी काठ्या आणि त्यांवर ताणलेले कापड यांनी बनलेला पातळ पंख एकटा वजन पेलू शकत नसे. म्हणून एकावर एक असे दोन पंख घेऊन त्यांच्यामध्ये उभे दांडे आणि तिरप्या तारा बसवल्या जात, ज्यामुळे संपूर्ण जोडणीला रेल्वेच्या लोखंडी पुलासारखा ताठपणा येई. अशा विमानाला द्विपंखी विमान म्हणतात. राइट बंधूंचे १९०३ चे विमान याच घडणीचे होते, आणि १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनी येथे सुमारे ६,५०० पत्रे घेऊन गेलेले आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाचे विमानही द्विपंखीच होते. तारांना हवेचा होणारा अडथळा हा या रचनेचा मोठा दोष होता, आणि इंजिनांची ताकद वाढून वेग वाढला तसा तो अधिकाधिक जाचक ठरत गेला.

या दोषावरचा एक तोडगा म्हणजे एकच पंख धडाच्या माथ्यावर ठेवून त्याला खालून तिरपे टेकू देणे. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले, ते पस मॉथ हे एकाच इंजिनाचे विमान याच प्रकारचे होते. वरचा पंख टेकूंमुळे हलका करता येई आणि वैमानिकाला खालचा प्रदेश मोकळा दिसे. ही दुसरी सोय त्या काळी चैनीची नव्हती, कारण रेडिओच्या मार्गदर्शनाशिवाय नद्या, रेल्वेमार्ग आणि किनारा पाहतच वाट काढावी लागे. उतरण्याच्या जागाही कच्च्या असत. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, आणि टाटांच्या टपालसेवेला तेवढ्या काळापुरते पुण्याला, येरवड्याला बस्तान हलवावे लागे.

अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंनी हे गणित बदलले. धातूचा पत्रा स्वतःच भार घेऊ लागल्यावर पंखाच्या आत आडवी जाणारी मुख्य तुळई, जिला स्पार म्हणतात, ती टेकूशिवाय पुरेशी बळकट करता येऊ लागली. ही तुळई प्रवाशांच्या पायाखालून, म्हणजे धडाच्या तळातून नेली की आतली जागा अखंड राहते, आणि चाकांचे पाय आखूड ठेवून ते पंखात किंवा इंजिनाच्या आवरणात मिटता येतात. १९३० च्या दशकात पुढे आलेले डग्लस डीसी-३, म्हणजेच भारतात दीर्घकाळ परिचित असलेले डकोटा, या खालच्या पंखाच्या रचनेचे ठळक उदाहरण होय. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनकडे निघालेले एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमानही खालच्या पंखाचेच होते.

याच संक्रमणकाळात भारतीय विमाननिर्मितीला सुरुवात झाली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. या कारखान्यातील रचनाकार्याची धुरा पुढे ज्यांच्याकडे आली ते डॉ. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू या गावचे. जर्मनीतील गटिंगेन येथे, आधुनिक वायुगतिशास्त्राचे एक प्रवर्तक लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली, त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती, आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये सुरू झालेल्या विमानविद्या विभागाचे ते पहिले प्रमुख होते.

घाटगे यांच्या नेतृत्वाखाली घडलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. ते खालच्या पंखाचे, धातूचे आणि एकामागे एक अशा दोन आसनांचे होते, आणि हवाई दलात ते टायगर मॉथ या जुन्या द्विपंखी विमानाच्या जागी आले. त्यानंतर सातच वर्षांनी, २८ सप्टेंबर १९५८ रोजी, त्याच कारखान्यातून पुष्पक हे विमान उडाले, आणि त्याचा पंख मात्र वर होता, टेकूंवर तोललेला आणि कापडाने मढवलेला. जुन्याकडून नव्याकडे जाण्याचा सरळ क्रम गृहीत धरणाऱ्याला हे उलट पाऊल वाटेल. पण दोन्ही विमानांचे गिऱ्हाईक वेगळे होते. हवाई दलाच्या शिकाऊ वैमानिकाला पुढे खालच्या पंखाची वेगवान विमाने चालवायची होती, वळणे घेताना त्याला वरची आणि वळणाच्या आतली बाजू दिसायला हवी होती, आणि कसरतींचा ताण पंखाला सोसायचा होता. फ्लाइंग क्लबांना मात्र स्वस्त, हलके, ९० अश्वशक्तीच्या इंजिनावर भागणारे, साध्या मैदानावर उतरणारे आणि स्थानिक कारागिराला दुरुस्त करता येईल असे विमान हवे होते. पुष्पकने ती गरज भागवली.

वरच्या पंखाचे विमान अधिक स्थिर असते, हे विधान प्रकल्पवह्यांमध्ये हमखास आढळते, आणि त्याचे कारण म्हणून धड पंखाखाली लंबकासारखे लोंबते असे सांगितले जाते. विधान बरोबर असले तरी कारण अपुरे आहे. विमान एका बाजूला कलले की ते त्याच बाजूला घसरू लागते, आणि त्यामुळे तिकडून धडावर हवेचा आडवा प्रवाह येतो. हा प्रवाह धडाला वळसा घालताना काही वर आणि काही खाली फाकतो. पंख माथ्यावर असेल, तर वर चढणारी हवा कललेल्या बाजूच्या पंखाच्या मुळाशी खालून भिडते, त्या पंखाची लिफ्ट म्हणजे वर उचलणारा जोर वाढतो, आणि विमान सरळ होऊ लागते. पंख तळाशी असेल, तर खाली वळणारी हवा त्याच बाजूची लिफ्ट कमी करते आणि कल वाढू पाहतो. म्हणूनच खालच्या पंखांची टोके मुळांपेक्षा उंच ठेवतात. या चढत्या कोनाला डायहेड्रल म्हणतात. उलट, भारतीय हवाई दलाच्या आयएल-७६ या वरच्या पंखाच्या मालवाहू विमानात स्थिरता गरजेपेक्षा जास्त होऊ नये म्हणून पंख टोकांकडे उतरते आहेत.

मधल्या पंखाची कथा थोडक्यात सांगता येते. धडाच्या मध्यावर जोडलेल्या पंखाला हवेचा अडथळा कमी होतो, पण त्याचा भार नेमका मधल्या जागेतून न्यावा लागतो, आणि प्रवासी विमानात ती जागा माणसांची असते. लढाऊ विमानात तेथे इंजिन व त्याचा हवेचा मार्ग असल्याने भोवतालच्या कडीसारख्या चौकटींवर पंख जोडता येतात. नाशिकजवळच्या ओझर येथे ज्याच्या निर्मितीसाठी १९६४ मध्ये कारखान्याची पायाभरणी झाली, ते मिग-२१ याच प्रकारचे होते.

आजच्या कोल्हापूर विमानतळावर हा सारा इतिहास जणू शेजारी शेजारी उभा राहतो. २०१८ नंतर तेथे नियमित आलेले एटीआर-७२ हे वरच्या पंखाचे विमान आहे. त्याच्या पंख्याचा व्यास जवळजवळ ४ मीटर असल्याने तो जमिनीपासून दूर राहण्यासाठी इंजिन उंचावर हवे, आणि पंख वर असल्यामुळे धड जमिनीच्या इतके जवळ येते की मागच्या दरवाजाला जोडलेल्या छोट्या जिन्यानेच प्रवासी चढू शकतात. चाके उंच पंखापर्यंत नेणे परवडणारे नसल्याने ती धडाच्या दोन्ही बाजूंना दिलेल्या फुगवट्यांत मिटतात. स्टार एअरने वापरलेले एम्ब्रेअर-१४५ हे जेट मात्र खालच्या पंखाचे आहे; ते ठेंगणे असल्यामुळे पंखाखाली इंजिनांना जागा उरत नाही, आणि म्हणून ती शेपटीजवळ, धडाच्या दोन्ही अंगांना बसवली आहेत. पंखाची जागा ठरली की इंजिन, चाके आणि दरवाजा यांच्या जागाही अशा एकामागून एक ठरत जातात.

त्यामुळे तीन आकृत्यांखाली फायदे-तोटे लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्याने प्रत्येक विमानाला हे विमान कोणत्या साहित्याचे, कोठे उतरणारे आणि कोणासाठी बनवलेले, असे तीन प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे ठरते. अमुक स्थिती सर्वांत चांगली असा निकाल त्यातून निघत नाही. एचटी-२ आणि पुष्पक या दोहोंना कारखान्यात जागा देताना घाटगे यांच्या पिढीनेही तसा निकाल दिला नव्हता. ज्याला जे काम करायचे होते, त्याला त्या कामाचा पंख त्यांनी दिला.