संगणक कॅबिनेट
डेस्कटॉप संगणकाचे मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, ग्राफिक्स कार्ड आदी भाग सामावणारी पेटी. इंटेलने १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स मानकाने आतली मांडणी बरीचशी ठरवून दिली. त्यामुळे कॅबिनेटांत फरक उरतो तो मुख्यतः हवा खेळण्यात. म्हणून कॅबिनेट पारखायचे ते हवेच्या वाटेवरून, पंख्यांच्या संख्येवरून नव्हे. दर्शनी बाजूला सलग काच असेल, तर तिच्यामागचे १२० मिमीचे तीन पंखेही कडेच्या चिंचोळ्या फटींतूनच हवा ओढतात. पंख्यांचे रंगीत दिवे तेवढे झकास दिसतात. काचेऐवजी जाळी असेल, तर हवेला वाट मोकळी मिळते. जाळीतून धूळ आत येते आणि आवाज बाहेर, हा आक्षेप निराधार नाही. मात्र वाट मोकळी असली की पंखे सावकाश फिरवूनही भागते, आणि फिल्टर बरीच धूळ अडवतो. तो काढून धुता येणारा असावा. फिल्टर तुंबल्यावर जाळीचा फायदा उरत नाही.